पडद्याची बैठक
(गिटारच्या कारागिरीच्या इतिहासातील एक प्रकरण)

संगीताचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गायक-वादकांची मालिका उभी राहते. ज्या हातांनी वाद्य घडविले त्या हातांचे स्मरण क्वचितच होते. आणि वाद्याच्या एखाद्या लहानशा भागाची तर कोणी दखलही घेत नाही. गिटारच्या मानेवर आडव्या बसविलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या हा असाच एक उपेक्षित भाग होय. इंग्रजीत त्यांस 'फ्रेट' म्हणतात. आपल्याकडे सतारीच्या संबंधात रूढ असलेला 'पडदा' हाच शब्द त्यांस यथार्थपणे लागू पडतो. आज आपल्या समाजातील पुष्कळ घरांत मुलामुलींच्या हाती गिटार दिसते. तिच्या मानेवर असे साधारण एकोणीस-वीस पडदे असतात. त्यांपैकी एकच पडदा पोस्टकार्डाच्या जाडीहूनही कमी अंतराने वर राहिला, तरी काही स्वर खरखरतात आणि काही मुळीच उमटत नाहीत. या चिमुकल्या वस्तूच्या पाठीशी चारशे वर्षांचे गणित आहे, लाकूड आणि धातू यांच्या सहवासाचे शास्त्र आहे, आणि 'हा धंदा करण्याचा अधिकार कोणाचा?' या प्रश्नावरून जर्मनीतील एका गावात माजलेला कडाक्याचा वादही आहे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तो वाद सांगण्यास विशेष औचित्य आहे, असे आम्हांस वाटते.

पडद्याची कल्पना फार प्राचीन आहे आणि ती एकट्या युरोपची नव्हे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्यातील किन्नरी वीणेच्या वर्णनात पडद्यांस 'सारिका' असे म्हटले आहे. युरोपात ल्यूट नावाच्या वाद्यावर आणि तत्कालीन गिटारवर पडदे होते. परंतु ते धातूचे नसून आतड्याच्या तातीचे असत. मानेभोवती तात गुंडाळून तिला घट्ट गाठ मारीत. वादकास एखादा स्वर किंचित चढा अथवा उतरा वाटला, तर तो पडदा बोटाने मागेपुढे सरकवी. इ. स. १६१० मध्ये लंडन येथे रॉबर्ट डाउलंड याने ल्यूटविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जॉन डाउलंड या विख्यात वादकाने पडदे कोठे आणि कसे बांधावे याचे विवेचन केले आहे. म्हणजे त्या काळी पडदे जुळविणे हे वादकाचे काम होते. पडदा चुकला तर तो सुधारण्याची सोय त्याच्याच हाती होती.

पडदा कोठे असावा हे ठरविण्यासाठी गणिताची आवश्यकता भासली. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओ याचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे स्वतः ल्यूटवादक होते. त्यांनी इ. स. १५८१ च्या आपल्या ग्रंथात एक सुटसुटीत नियम सांगितला : तारेच्या लांबीचे अठरा भाग करावे व एक भाग सोडून पहिला पडदा बांधावा, उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग करून दुसरा बांधावा, आणि असेच पुढे जावे. तार ६५० मिलिमीटरांची धरली, तर या नियमाने बारावा पडदा बरोबर मध्यावर न येता सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडेच राहतो. परंतु तार पडद्यावर दाबताना ती थोडी ताणली जाते व स्वर किंचित चढतो. त्यामुळे ही उणीव व्यवहारात बरीचशी भरून निघे. शुद्ध गणिताने पाहता अठराऐवजी १७.८१७ हा आकडा यावयास हवा. अष्टकाचे बारा सारखे भाग पाडण्याचे हे गणित चीनमधील मिंग राजघराण्यातील राजपुत्र झू झाईयू याने इ. स. १५८४ मध्ये मांडले होते, आणि त्याच सुमारास हॉलंडकडील सायमन स्टेविन हाही स्वतंत्रपणे त्याच विचारापाशी पोचला होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गिटारचे रूप पालटले. जोडीजोडीने लावलेल्या तारांच्या जागी सहा एकेरी तारा आल्या आणि बांधलेल्या तातीच्या जागी हस्तिदंताचे किंवा धातूचे पडदे आले. मानेवर काळ्या लाकडाची पट्टी चिकटवावी, तिच्यात करवतीने आडव्या खाचा पाडाव्या आणि त्या खाचांत धातूच्या चपट्या पट्ट्या उभ्या ठोकाव्या, अशी ही रीत होती. वरवर पाहता हा लहानसा फेरफार. परंतु त्यामुळे जबाबदारीची जागा बदलली. तातीचा पडदा वादकास हलविता येई. खाचेत ठोकलेला पडदा कोणासही हलविता येत नाही. गणित चुकले, करवत घसरली अथवा हातोडीचा घाव कमी पडला, तर ती चूक वाद्याच्या अंगात कायमची राहते. म्हणजे यापुढे वादकाचा कान कारागिराच्या हातावर अवलंबून राहू लागला.

हा कारागीर कोण असावा? येथूनच त्या वादाला तोंड फुटते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन नावाचे गाव आहे. आपला धर्मपंथ सोडण्यापेक्षा देश सोडणे ज्यांनी पत्करले, असे काही व्हायोलिन घडविणारे कारागीर बोहेमियातून तेथे येऊन राहिले होते. त्यांनी इ. स. १६७७ मध्ये आपला व्यवसायसंघ स्थापन केला. हे संघ आपल्याकडील जातींसारखे जन्मावर उभारलेले नव्हते. तथापि बाप-मुलांच्या परंपरेने व आपसांतील सोयरिकींनी त्यांस पुष्कळसे तेच रूप आले होते. प्रथम उमेदवारी, मग हाताखालचा कारागीर, आणि अखेरीस परीक्षेचे काम करून दाखविल्यावर उस्ताद, अशा पायऱ्या त्यांत असत. संघाबाहेरील माणसास तो धंदा करण्याची मुभा नसे. या शिस्तीमुळे मालाचा दर्जा टिकला, अनाथ उमेदवारांस आधार मिळाला आणि विद्या हातोहात पुढे गेली, हे मान्य केलेच पाहिजे.

त्याच गावी इ. स. १७९६ मध्ये ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचा जन्म झाला. त्याचे वडील कपाटे-मेजे बनविणाऱ्या सुतारांच्या संघातील होते. तरुण मार्टिन व्हिएन्ना येथे योहान गेओर्ग स्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या कारखान्यात राहिला व तेथे मुख्य कारागिराच्या पदापर्यंत चढला. गावी परतल्यावर त्याने गिटार घडविण्यास आरंभ केला, तेव्हा व्हायोलिनकारांच्या संघाने हरकत घेतली. वाद्ये घडविणे ही आमची कला. सुतारांनी आपले लाकडी सामानच करावे, असा त्यांच्या तक्रारीचा आशय होता. सुतारांच्या बाजूने उत्तर गेले की, व्हायोलिनकारांची सनद १६७७ सालची आणि गिटार या गावात आली ती जेमतेम तीन-साडेतीन दशकांपूर्वी. तेव्हा जुन्या सनदेत नव्या वाद्याचा हक्क कोठून येणार? वाद्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाने इ. स. १८३२ मध्ये मार्टिनच्या कामाविषयी अनुकूल साक्षही दिली.

या वादात सुतारांची बाजू उचलून धरली गेली. परंतु निकाल पदरात पडला तरी गावातले वातावरण पालटत नाही, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच आहे. संघांच्या कुंपणांत आपल्या कामास वाव नाही असे मार्टिनला वाटले असले पाहिजे. इ. स. १८३३ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेस निघून गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने प्रथम दुकान मांडले आणि पाच-सहा वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या गावी बिऱ्हाड हलविले. तेथे त्याचा कारखाना आजही चालू आहे. त्या घराण्याच्या सहा पिढ्यांनी कारभार पाहिल्यानंतर २०२१ साली मुख्य अधिकारपद घराण्याबाहेरील व्यक्तीकडे देण्यात आले. इकडे सॅक्सनीत १८६१ सालच्या कायद्याने व्यवसायस्वातंत्र्य जाहीर झाले व संघांची मक्तेदारी संपुष्टात आली. मार्कनॉयकिर्शेन बुडाले नाही. उलट पुढील काळात तेथील वाद्ये एवढ्या मोठ्या प्रमाणात परदेशी जाऊ लागली की अमेरिकेने तेथे आपली वकिलातीची कचेरी उघडली. कुंपण गेले म्हणून कला मेली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे पडद्याकडे वळू. मार्टिनच्या कारखान्यात शंभर वर्षे चपट्या पट्टीचेच पडदे वापरीत. ही पट्टी खाचेत पाचरीसारखे काम करी. जरा जाड पट्टी घातली की लाकूड दोन्ही बाजूंस रेटले जाई आणि मान मागे झुके. पातळ घातली की मान तारांच्या ओढीने पुढे वाके. म्हणून जाणता कारागीर निरनिराळ्या जाडीच्या पट्ट्या जवळ बाळगी आणि पडदे ठोकता ठोकताच मान सरळ करून घेई. विसाव्या शतकात आतड्याच्या तारा जाऊन पोलादी तारा आल्या आणि मानेवरील ओढ पुष्कळ वाढली. सहा पोलादी तारा मिळून ही ओढ सत्तर किलोग्रॅमच्या आसपास असते. गिब्सन कारखान्याने १९२० नंतरच्या दशकात मानेच्या आत कमीजास्त ताणता येणारी लोखंडी सळई बसविली. मार्टिन कारखान्याने इ. स. १९३४ मध्ये मानेत पोलादी पट्टी घातली आणि त्याच वर्षी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे पडदे स्वीकारले. आज सर्वत्र हाच आकार रूढ आहे.

या पडद्याचे दोन भाग असतात. वर दिसतो तो गोलसर माथा. त्याची रुंदी दोन-अडीच मिलिमीटर व उंची सुमारे एक मिलिमीटर. खाली खाचेत जाते ते पाते. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्याच्या दोन्ही अंगांस बारीक दाते असतात. धातू बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा अंश नाही. आपल्या घरांतून ॲल्युमिनियमच्या भांड्यांस 'जर्मनची भांडी' म्हणतात, ती वस्तू निराळी. पडदा ठोकण्यापूर्वी कारागीर त्यास पट्टीच्या गोलाईहून किंचित अधिक वाक देतो. मग आधी दोन्ही टोके आणि नंतर मध्य अशा क्रमाने हातोडीचे हलके घाव घालतो. वाक उलगडताना पडदा लांबीच्या दिशेने सरकू पाहतो व त्याचे दाते लाकडात आडवे रुततात. हीच पडद्याची खरी पकड. माथ्याची खालची कड लाकडास सर्वत्र टेकली, तिच्याखाली प्रकाशाची तिरीपही दिसेनाशी झाली, म्हणजे पडदा 'बसला' असे समजावे.

तो न बसण्याची कारणेही सांगण्याजोगी आहेत. कारण त्यांत या विद्येचे सार आहे. खाच उथळ असेल किंवा तिच्या तळाशी भुसा साचला असेल, तर पाते तळाला टेकते आणि माथा वर राहतो. अशा वेळी कितीही जोराने ठोकले तरी उपयोग नाही. पडद्यावर खोच पडते एवढेच. खाच रुंद असेल, तर दात्यांस धरावयास लाकूडच मिळत नाही. ती अरुंद असेल, तर वीस पडद्यांचा एकत्र रेटा मानेस मागे वाकवितो. वाक कमी दिला असेल, तर टोके उचलली जातात. फार दिला असेल, तर मध्य पोकळ राहतो. जुने पडदे उपटताना खाचेच्या कडांचे टवके निघतात, म्हणून ते आधी तापवून, सरस मऊ करून, सावकाश उचलावे लागतात; आणि सैल झालेल्या खाचेत नवा पडदा सरस लावून, तो वाळेपर्यंत दाबून धरावा लागतो. एक पडदा उंच राहिला की दोष त्याच्यात असतो आणि तक्रार शेजाऱ्याची ऐकू येते. सातवा पडदा वर असेल, तर सहाव्यावर बोट ठेवताच तार सातव्याला जाऊन लागते व सहाव्याचा स्वर खरखरतो. अननुभवी माणूस सहाव्यालाच कानशीने घासावयास बसतो. जाणता कारागीर तीन पडद्यांवर एक सरळ पोलादी पट्टी ठेवून पाहतो. ती डुगडुगली की मधला पडदा उंच आहे हे निश्चित होते.

पोकळ अंगाच्या गिटारमध्ये आणखी एक अडचण असते. मानेवरील पट्टी मान संपल्यावरही पुढे तबलीवर जाते. तेथील पडदे ठोकताना खाली भरीव लाकूड नसते; घाव पातळ तबलीत विरून जातो व पडदा अर्धवट बसतो. म्हणून आतून टेकू द्यावा लागतो, किंवा ठोकण्याऐवजी शिकंजाने दाबून ते पडदे बसवावे लागतात. शिवाय तारांच्या ओढीने वर्षानुवर्षे मान किंचित पुढे झुकते आणि अंगाच्या सांध्यापाशी पट्टीस उंचवटा येतो. तेव्हा तेथील पडदे चांगले बसूनही उंच ठरतात. ऋतुमानाचाही परिणाम होतोच. कोरड्या हवेत लाकूड रुंदीने आकसते. धातू मात्र आकसत नाही. मग पडद्यांची टोके बाहेर डोकावतात व वादकाच्या हातास टोचतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते. ही पट्टी अबनूस किंवा शिसवी यांसारख्या कठीण लाकडाची करतात. ब्राझीलमधील शिसवीच्या ओंडक्यांची निर्यात १९६९ च्या सुमारास थांबली, तेव्हापासून आपल्या पश्चिम घाटातही वाढणाऱ्या भारतीय शिसवीस गिटारच्या कामी फार मोठा मान मिळाला.

हे काम करण्यास कोण योग्य, या प्रश्नास इतिहासाने पुन्हा एकदा उत्तर दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, मिशिगनमधील कालमाझू येथील गिब्सन कारखान्यात पुरुष कारागिरांची वाण पडली व गावातील स्त्रिया कामावर आल्या. त्यांनी घडविलेल्या गिटारींस आज जाणकारांत मोठा मान आहे. परंतु त्या स्त्रियांची हकिकत मात्र सत्तर वर्षांनंतर ग्रंथरूपाने लोकांपुढे आली. पडद्याने त्यांस त्यांचे कूळ विचारले नाही आणि त्या स्त्रिया आहेत की पुरुष हेही विचारले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही याच जातीचे उदाहरण आहे. मिरजेचे शिकलगार हे मूळचे तलवारी-कट्यारींस धार लावणारे कारागीर. संस्थानी फौजा मोडत गेल्या व शस्त्रांचे काम मंदावले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार प्रभृतींनी सतार व तंबोरा घडविण्याचा मार्ग धरला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय लाभला आणि मिरजेची वाद्ये देशभर गेली. २०२४ साली तेथील सतार आणि तंबोरा यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. 'तुम्ही धार लावणारे, तुमचे वाद्यांशी काय नाते?' असे म्हणून त्यांस कोणी अडविले असते, तर आपले संगीत एका थोर परंपरेस मुकले असते. मात्र त्यांचा पडदा निराळा आहे. सतारीचे पडदे कमानदार असून दांडीस दोऱ्याने बांधलेले असतात. रागानुसार ते सरकविता येतात व तार आडवी ओढून मींड घेता येते. गिटारचे ठोकलेले पडदे अष्टकाच्या बारा सारख्या भागांस बांधील आहेत. म्हणूनच पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतासाठी गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरविली आणि पडद्यांस बाजूलाच सारले. ज्या संगीतास जे हवे, त्याप्रमाणे कारागिरीने वळावे हे योग्यच आहे.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य काय? संघ, जात, घराणे यांनी विद्या जतन केली, हे खरे; उमेदवारीच्या कडक शिस्तीवाचून कोणाचाही हात बसत नाही, हेही खरे. परंतु ज्या दिवशी संघ कामाची पारख सोडून नावाची पारख करू लागला, त्या दिवशी एक उत्तम कारागीर गाव सोडून गेला. आपल्या समाजातील कित्येक घरांत अद्याप हातकामाची विद्या शिल्लक आहे. कित्येक घरांत ती आजोबांबरोबर संपली. खाच किती खोल, वाक किती, घाव आधी कोठे, या गोष्टी सनदांत लिहिलेल्या नसतात. त्या जाणणाराने त्या सांगितल्या तरच उरतात. तेव्हा ज्यांच्या घरी अशी विद्या आहे त्या वडीलधाऱ्यांनी ती आपल्या मुलांस, मुलींस, आणि शेजारचे एखादे होतकरू पोर दारात उभे राहिले तर त्यासही, कारणांसह शिकवावी; आणि ज्यांच्या मुलामुलींच्या हाती नवी गिटार आली आहे त्यांनी सवडीने तिच्या मानेकडे डोळा लावून एकवार पाहावे. पडदे एका ओळीत सारखे बसलेले दिसले, तर ते बसविणाऱ्या अनामिक हातांस मनोमन नमस्कार करावा. त्यांची नावे कोठेही कोरलेली नसतात.